शिळ्या पेपरातलं इंग्रजी

सेनगावच्या स्टँडवर उतरून माझं खरं नाव सांगितलंत तर लोक डोकं खाजवतील. 'डेफिसिट सरांचं घर' म्हणा, पानपट्टीवाला दारापर्यंत आणून सोडेल. हे नाव मला पडलं तेव्हा मी मनातून सुखावलो होतो. आता कोणी त्या नावानं हाक मारली की नजर आपोआप खाली जाते. या अंकाच्या संपादकांनी 'तुमच्या गाजलेल्या क्लासबद्दल लिहा' असं कळवलं, तेव्हा मी बरेच दिवस टाळाटाळ केली. क्लास गाजला हे खरं आहे. पण नुसतं तेवढंच लिहिलं तर ते खोटं होईल.

मी हायस्कूलला इंग्रजी शिकवायचो. माझं स्वतःचं इंग्रजी पुस्तकातलं. परभणीला बी.ए. केलं, बी.एड. केलं, पण इंग्रजी बोलणारा माणूस काही समोर आला नाही. आमचे प्राध्यापकसुद्धा इंग्रजी कविता मराठीत समजावून सांगायचे. आयुष्यात मी कुणाकडं इंग्रजीत पाणी मागितलेलं नव्हतं आणि तसं मागावं लागेल असंही कधी वाटलं नव्हतं. वाचायला मात्र मला आवडायचं. हिंगोली अजून परभणी जिल्ह्यातच होती त्या काळात दुपारच्या एसटीनं पेपरचा गठ्ठा यायचा. त्यात एकच इंग्रजी पेपर असायचा, तो माझा. पेपर आदल्या दिवशीचा, पण आमच्याकडं तो ताजाच समजला जाई.

त्या पेपरावर मी सकाळचा क्लास सुरू केला. बाहेरच्या माणसाला ही पद्धत विचित्र वाटेल, म्हणून सांगतो. पोरं घरी रेडिओवर मराठी बातम्या ऐकून यायची. सरकार पडलं, पाठिंबा काढला, तेलावरचं आयात शुल्क कमी झालं, हे सगळं त्यांना आधीच कळलेलं असायचं. मग तीच बातमी मी इंग्रजी पेपरातून वाचून दाखवायचो. बातमी माहीत असली की शब्दाचा अर्थ पोरं स्वतःच हुडकून काढतात, डिक्शनरी उघडावी लागत नाही. शिवाय राजकारणातले आणि बजेटातले शब्द पुन्हा पुन्हा येतात. त्या वर्षांत दिल्लीतली सरकारं अशी धडाधड पडत होती की 'नो कॉन्फिडन्स मोशन' हा शब्द पाठ करायला वेगळी मेहनत लागली नाही. मी ते शब्द स्टँडसमोरच्या हॉटेलच्या भिंतीवरच्या काळ्या फळ्यावर लिहायचो. चहा पिणारे लोक मोठ्यानं वाचायचे.

हळूहळू ते शब्द गावात मिसळले. दोन भावांनी मिळून एक बैलजोडी घेतली तर लोक म्हणायचे, "कोअलिशन झालं." लग्नात रुसलेला मामा म्हणायचा, "माझा बाहेरून पाठिंबा." घरातलं तेल संपलं की आमची मंडळीसुद्धा माझ्यासमोर रिकामी बरणी धरून 'डेफिसिट' म्हणायची. हा शब्द फळ्यावर सगळ्यात जास्त वेळा असायचा, म्हणून नावही मला तेच चिकटलं. एकदा शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी सातवीच्या पोराला विचारलं, "इन्फ्लेशन म्हणजे काय?" तो म्हणाला, "गेल्या साली ढेपीचं पोतं जितक्यात आलं, तितक्यात औंदा अर्धंच येतं." साहेबांनी माझा हात हातात घेतला. मी त्या दिवशी घरी पायी न जाता जवळजवळ तरंगत गेलो.

क्लासच्या पहिल्या बॅचमध्ये दत्ता होता. हुशार, देखणा, केसांचा भांग जागचा हलू न देणारा. अग्रलेख धडाधडा वाचायचा. बारावीनंतर तो पुण्याला एका मोठ्या हॉटेलात काउंटरवरच्या नोकरीच्या मुलाखतीला गेला. आठवडाभरात वापस आला. "जागा भरल्या होत्या सर," म्हणाला. मग त्यानं हिंगोली-सेनगाव जीप चालवायला घेतली. मी चार ठिकाणी हळहळून सांगितलं की नशीब नाही पोराचं, नाहीतर इंग्रजी काय फर्डं आहे.

कुशावर्ता आली ती हिंगोली जिल्हा झाल्यानंतर. सेनगावजवळच्या साखऱ्याची पोरगी. घरी मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. तिचे वडील लिंबाजी मेंढरं घेऊन फिरायचे, आई गयाबाई शेत बघायची. कुशावर्ता पहाटे मेंढरांचा वाडा झाडून, मिळेल त्या गाडीनं क्लासला यायची आणि मागच्या बाकावर बसायची. प्रश्न मात्र असे विचारायची की मला खडू खाली ठेवावा लागे.

'डिफेक्शन', म्हणजे पक्षांतर, शिकवलं त्या दिवशी तिनं लगेच हात वर केला. "म्हंजे आमचं मेंढरू दुसऱ्याच्या कळपात शिरलं तर. पण सर, आमच्या मेंढराच्या कानाला खूण असते. वापस आणता येतं. आमदाराला काय खूण असते?"

आणखी एक तास मला विसरता येत नाही. कुठंतरी रेल्वेचा अपघात झाला होता आणि मंत्र्यानं राजीनामा दिला होता. मी फळ्यावर लिहिलं, 'मॉरल रिस्पॉन्सिबिलिटी'. समजावून सांगितलं की चूक प्रत्यक्ष मंत्र्याच्या हातून झालेली नसते, पण खातं त्याचं असतं म्हणून तो नैतिक जबाबदारी स्वीकारतो.

कुशावर्ता म्हणाली, "मग सर, मंत्री त्या लोकायला भेटाया गेले का?"

"कोणत्या लोकांना?"

"जे दवाखान्यात पडले त्यायला."

"पेपरात तसं काही दिलेलं नाही."

"मग जबाबदारी घेतली म्हंजे काय केलं त्यायनं?"

सगळा वर्ग हसला. मी म्हणालो, "पेपरात आहे तेवढं शिक." ती खाली बसली.

बारावी झाल्यावर तिनं नांदेडच्या एका दवाखान्याच्या नर्सिंगच्या शाळेत अर्ज केला. तिथं राहण्याची सोय होती, शिकवणं सगळं इंग्रजीतून. लिंबाजीनं आधीच सांगून ठेवलं होतं, "नंबर लागला तर शिकव म्हणतो. न्हाई लागला तर पाव्हणे बसून राहिले, उन्हाळ्यात लगीन लावून देतो." तो वाईट माणूस नव्हता, त्यानं स्पष्ट सांगितलं इतकंच. कुशावर्तेला शिकायचं होतं. लहानपणी तिचा धाकटा भाऊ तापात गेला होता. तिच्या आईनं मला हे सांगितलं, तिनं कधी नाही.

लेखी परीक्षेत ती सगळ्यात वर आली. उतारा सरकारच्या आरोग्य खर्चावर होता, म्हणजे आमच्या घरचाच. मी सेनगावात छाती काढून फिरलो. तोंडी परीक्षेला लिंबाजी, ती आणि मी असे तिघं गेलो. मला बोलावलेलं नव्हतं. कौतुक ऐकायला गेलो होतो, असं म्हणा.

मुलाखतीच्या खोलीला पडदा होता आणि बाकडं पडद्याच्या अगदी बाहेर होतं. मेट्रनबाई केरळकडच्या, वयानं मोठ्या, आवाज करडा. त्यांनी साधं विचारलं, घरी काय काम करतेस? कुशावर्तेनं खणखणीत इंग्रजीत उत्तर दिलं, की आमचं कुटुंब लाइव्हस्टॉक सेक्टरमध्ये कार्यरत आहे. मी लिंबाजीकडं अभिमानानं बघितलं. बाईंनी विचारलं, आईची तब्येत कशी आहे? "हर कंडिशन इज स्टेबल." सकाळी काय खाल्लंस? यावर ती पुरवठा पुरेसा होता अशा अर्थाचं काहीतरी बोलली. आत कुणीतरी खुदकन हसलं. मी लिंबाजीवरची नजर काढून पडद्याकडं बघू लागलो.

मग खाट करकरली. पडद्याच्या फटीतून दिसलं, मेट्रनबाई स्वतःच खाटेवर आडव्या झाल्या होत्या. पेशंट झाल्या होत्या. डोळे मिटून, कण्हत कण्हत, भरभर इंग्रजीत बोलू लागल्या. काहीतरी होतंय, कुठंतरी दुखतंय, काहीतरी उचला, काहीतरी सरका. माझ्या कानावर सगळं आलं. अर्धंसुद्धा कळलं नाही. वीस वर्षं इंग्रजी शिकवणारा मी, खाटेवरची बाई पाणी मागते की उशी, ते मला सांगता आलं नसतं. कुशावर्ता हात जोडल्यासारखी उभी होती. बाईंनी पुन्हा तेच म्हटलं. तिनं ओठ ओले केले आणि म्हणाली, "सिच्युएशन इज टेन्स बट अंडर कंट्रोल."

आता मात्र सगळेच हसले. बाई उठून बसल्या. त्या हसल्या नव्हत्या. हिंदीत म्हणाल्या, "ऐसी अंग्रेजी किसने सिखाई तुमको?"

कुशावर्तेनं पडद्याकडं बघितलं. मग म्हणाली, "किसीने नहीं मॅडम. मैं खुदच पेपर पढती."

ती माझी लाज झाकत होती. आयुष्य ठरायची वेळ तिची, आणि तिथं उभी राहून ती माझी लाज झाकत होती. मला ते सहन झालं नाही. मी पडदा सारून आत गेलो. सांगायचं होतं एवढंच, की बाई, हिला मी शिकवलं, चुकलं ते माझं, पोरगी गुणाची आहे. पण समोर मेट्रन, मी इंग्रजीचा मास्तर, इंग्रजीतच बोलायला हवं असं वाटलं, आणि इंग्रजीत माझ्याजवळ होतं काय? जे फळ्यावर होतं तेच तोंडातून आलं. मी म्हणालो, "मॅडम, आय टेक मॉरल रिस्पॉन्सिबिलिटी."

कुशावर्ता मान खाली घालून फरशीकडं बघत होती. तिला तो तास आठवला असणार, मला तर आठवलाच.

मेट्रनबाई म्हणाल्या, "मास्टरजी, मिनिस्टर लोग ऐसा बोलके घर चले जाते हैं. आप क्या करेंगे?"

मी पडद्याची कड हातात धरून उभा राहिलो. बाईंनी तिचा लेखीचा कागद पुन्हा बघितला, सुस्कारा टाकला आणि सांगितलं की शेवटची यादी पंधरा दिवसांनी लागेल, तेव्हा पुन्हा या. पेशंट पेपरात नसतो, खाटेवर असतो, एवढं पोरीला शिकवून आणा.

आम्ही हिंगोलीच्या एसटीत बसलो. वसमत मागं पडल्यावर लिंबाजी खिडकीबाहेर बघत म्हणाला, "सर, मेंढरू दुखणाईत पडलं की हिला माझ्या आधी उमजते. अन् माणूस कण्हत व्हतं ते काहून उमजलं न्हाई?" त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, निदान मला गप्प बसायला निमित्त मिळालं असतं.

हिंगोलीहून दत्ताची जीप मिळाली. त्यानं नेहमीसारखं पुढं बसलेल्या माणसाला उठवून मला पुढं बसवलं. "लागला का नंबर?" त्यानं विचारलं. मागं बापलेक बसलेले, तरी मी सगळं सांगितलं. लपवायला आता उरलं काय होतं? ऐकून दत्तानं गिअर बदलला. नरसीला बरेच लोक उतरले. गाडी पुढं निघाल्यावर तो रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "मलाबी तसंच झालं व्हतं सर. पुण्याला."

"तुला? तुझ्या तर जागा भरल्या होत्या."

"न्हाई. जागा व्हत्या. त्यायनं म्हणलं, समज मी गिऱ्हाईक हाय. माझ्या खोलीतला नळ गळून राहिला, पांघरुणाला वास येऊन राहिला. आता तू काय करशील? मला नळाचंबी समजलं न्हाई, पांघरुणाचंबी न्हाई. मी म्हणलं, द मॅटर इज अंडर कन्सिडरेशन." तो थोडा हसला. "लई हसले ते लोक."

"मग मला काहून सांगितलं नाहीस?"

"तुमाला वाईट वाटलं असतं, सर."

मी विचारलं, आणखी कुणाला असं झालं? त्याला सांगायचं नव्हतं, पण मी सोडलं नाही. त्यानं एकेक नाव घेतलं. कुणी बँकेच्या मुलाखतीत, कुणी औषधाच्या कंपनीत. सगळी माझी हुशार पोरं. कुणी किराणा टाकला होता, कुणी शेतात परतलं होतं. मला सगळ्यांनी निरनिराळी कारणं सांगितली होती आणि आपसात ठरवलं होतं की सरांना कळू द्यायचं नाही. म्हणजे फळ्यासमोर मी शब्द लिहीत उभा असायचो, तेव्हा मागं चहा पिणाऱ्यांतल्या निम्म्यांना ते ठाऊक होतं. माझी पाठ त्यांच्याकडं होती. अंगावर कोणी थुंकलं असतं तरी इतकं लागलं नसतं. ती पोरं गप्प राहिली ती माझ्या मानासाठी, आणि त्यांच्या गप्प राहण्यामुळं तोच खड्डा कुशावर्तेच्या वाट्याला आला. पण दोष त्यांना कसा देऊ? मी तरी कधी नीट विचारलं होतं, की बाबा, तिथं नक्की काय झालं?

दुसऱ्या दिवसापासून मी साखऱ्याला जाऊ लागलो. पेपर नाही, फक्त डिक्शनरी. अंगणात खाट टाकली आणि गयाबाई पेशंट झाल्या. त्या बाईंनी असा काही जीव ओतला की शेजारीण खरंच काढा घेऊन आली.

"सर, मला मळमळून राहिलं. ह्याला काय म्हणतेत?"

"माहीत नाही. बघून सांगतो."

"डोकं ठणकून राहिलं."

"बघून सांगतो."

"ठणका येगळा अन् सणक येगळी बरं का सर. एकच सांगू नका."

इतक्या वर्षांत वर्गात 'माहीत नाही' हे शब्द मी एकदाही उच्चारले नव्हते. साखऱ्याच्या अंगणात ते मी दिवसभर म्हणत होतो. चक्कर, खाज, उचकी, पायाला मुंग्या, कूस बदलणं, घोट घोट पाणी पाजणं. एकाही शब्दाशी माझी ओळख नव्हती. कुशावर्ता आणि मी शेजारी बसून शिकत होतो आणि ती माझ्यापेक्षा लवकर शिकत होती. एका संध्याकाळी लिंबाजी मेंढरं घेऊन आला, खाटेजवळ उभा राहून ऐकू लागला आणि म्हणाला, "आता बराबर हाय. आता माणसाचं चालू हाय."

पंधरा दिवसांनी मेट्रनबाई पुन्हा खाटेवर आडव्या झाल्या. कुशावर्ता या वेळी बोलायच्या आधी वाकली, त्यांच्या मानेखाली हात घातला, उशी सरकवली आणि मग लहान लहान वाक्यांत विचारलं, कुठं दुखतं, किती दुखतं, पाणी देऊ का. सेक्टर नाही, सिच्युएशन नाही. तिचा नंबर लागला. बाईंनी माझ्याकडं बघितलं नाही याचं मला बरंच वाटलं.

फळ्यावर नंतर मी वेगळे शब्द लिहू लागलो. उचकी, फोड, गळणारा नळ. पालकांना ते पटलं नाही. "सर, हे काय लावलं? पयलेसारखं जड जड शिकवा ना," म्हणत त्यांनी पोरं काढून घेतली. क्लास लहान झाला, पण मी तो निवृत्त होईपर्यंत चालवला. पेपरही सोडला नाही. पद्धत काही वाईट नव्हती. तिच्यात मी घर, अंगण, माणूस घेतलाच नव्हता, आणि ते मी घेतलं नाही कारण ते माझ्याजवळच नव्हतं.

कुशावर्ता आता मोठ्या दवाखान्यात नर्स आहे. गावानं तिच्यासोबत माझाही सत्कार केला. साखऱ्याची पहिली नर्स घडवणारे डेफिसिट सर, असं माईकवरून सांगितलं. शाल अंगावर पडली तेव्हा मी समोर बसलेल्यांत दत्ताला शोधत होतो. तो टाळ्या वाजवत होता, आणि मनापासून वाजवत होता.

त्याला मी एकदा म्हणालोही, "चल दत्ता, आपण पुन्हा सुरू करू. नळापासून." तो हसला. "सर, माझ्या गाडीत आता कोण इंग्रजी बोलते?" त्यानं ते इतक्या मायेनं म्हटलं की मी विषय तिथंच सोडला.

अजूनही हिंगोलीला जायचं असलं की त्याचीच गाडी. गाडी भरलेली असते, पुढच्या सीटवर कोणीतरी बसलेलं असतं. मला बघितलं की दत्ता त्याला हातानं खुणावतो, "उठ रे, मागं जाय. आमचे इंग्रजीचे सर हायेत." दरवेळी वाटतं, त्याला सांगावं की दत्ता, मला मागंच बसू दे. तिथंच माझी जागा आहे. पण त्याला वाईट वाटेल. मी पुढं बसतो.